दान की देणे?

दिवाळीची पणती आपण उंबऱ्याशी लावतो ती घराच्या भरवशावर. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धरणीकंपाचे धक्के बसू लागले आणि तो भरवसाच डळमळला. धुंदलवाडीच्या परिसरात ऐन थंडीत माणसे घराबाहेर निजली. सरकारने तंबू दिले.

वारल्यांचे जुने घर कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले. धक्क्याने ते लवते. नुसती वीट रचलेली भिंत तडकते. म्हणून त्यांनी कुडातच राहावे काय? छे! तो गरिबीचा फुकटचा गौरव झाला. आग आणि पाऊस कुडाला सोडत नाहीत. भिंतीत काँक्रीटचे आडवे पट्टे घातले, की पक्के घरही धक्का सोसते. त्याला खर्च लागतो; तिथे सरकारी घरकुलाला धर्मादाय संस्थांचा हात मिळावा.

पण ह्या मदतीला दान म्हणावे काय? ह्याच तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. आपल्या भिंतींच्या विटा थापणाऱ्यांना निर्धास्त निजता यावे, हे दान नव्हे, देणे आहे. दाता आपल्या मर्जीने देतो. देणेकऱ्याला मात्र सरकारदरबारी त्यांच्या बाजूने उभे राहावे लागते; आणि आधी त्यांनाच विचारावे लागते : दार कुणीकडे हवे, चूल कुठे?