सरासरीला वाचता येत नाही

समीक्षकांची सद्दी संपली, हजारो वाचकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी हाच यापुढे पुस्तकाचा निकाल, असे अलीकडे ठणकावून सांगितले जाते. लोकशाहीचा आधार घेऊन बोलल्यामुळे या म्हणण्याला टाळ्याही पडतात. मला ते साफ नामंजूर आहे, आणि माझे साक्षीदार चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी परिसरातले आहेत.

पहिला साक्षीदार श्रीनिवास रामानुजन. या वस्तीत राहिलेल्या, पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करणाऱ्या या तरुणाने जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना सूत्रांनी भरलेले पत्र लिहिले. त्याआधी बेकर आणि हॉब्सन या केंब्रिजच्याच दोघा गणितज्ञांकडून त्याला दाद मिळाली नव्हती. हार्डींनी मात्र ती पाने आपले सहकारी लिटलवुड यांच्याबरोबर बसून वाचली. पुढे हार्डींनी गणितातल्या प्रतिभेला शंभरपैकी गुण दिले: स्वतःला २५, लिटलवुडना ३०, हिल्बर्टना ८० आणि रामानुजनला १००. आता बेकर आणि हॉब्सन यांच्या मौनाला शून्य धरून तिघांची सरासरी काढा. रामानुजनला तेहतीस गुण पडतात, म्हणजे तो नापास.

इथे समीक्षकांनी खूश होऊ नये. बेकर आणि हॉब्सन हेही तज्ज्ञच होते. तेव्हा तज्ज्ञ विरुद्ध सामान्य वाचक हे भांडणच खोटे आहे. गुण देण्यालाही माझी हरकत नाही. हार्डींनी आकडेच दिले. पण ते कोणी दिले आणि किती वाचून दिले, हे आपल्याला ठाऊक आहे. सरासरी नेमके तेवढेच पुसून टाकते.

दुसऱ्या साक्षीदाराला मी जास्त जागा देणार, कारण आपल्या ग्रंथालयांनी त्याचे नाव भिंतीवर लावले आणि विचार कपाटात ठेवला. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. तिरुवल्लिकेणीला लागून असलेल्या चेपॉकला हे विद्यापीठ आहे. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. दुसरा नियम वाचकाच्या बाजूचा: ज्याला जे हवे ते पुस्तक त्याला मिळाले पाहिजे. तिसरा पुस्तकाच्या बाजूचा: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. म्हणून त्यांनी खुल्या कपाटांचा आग्रह धरला, विषयवार मांडणीची पद्धत घडवली, वाचकाशी बोलून त्याची गरज ओळखणारा ग्रंथपाल मागितला. हा गणिती आकडेमोडीत कच्चा नव्हता. तरीही चांगले-वाईट असा क्रम न लावता त्याने जोडी जुळवण्याचे काम हाती घेतले. ज्या पुस्तकाला तीनच वाचक आहेत, त्या तिघांपर्यंत ते पोहोचवणे ही रंगनाथनांच्या लेखी ग्रंथालयाची जबाबदारी होती. ताऱ्यांच्या यादीत असे पुस्तक तळाला जाते आणि ते तिघे तिथवर पोहोचतच नाहीत.

वाचकाचे खरे मत पाहायचे असेल तर याच वस्तीतल्या पायक्रॉफ्ट्स रोडवर, म्हणजे आताच्या भारती सालैवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगापुढे उभे राहावे. एखाद्या पुस्तकाच्या पहिल्या चाळीस पानांवर पेन्सिलीच्या रेघा असतात, समासात प्रश्नचिन्हे असतात आणि पुढची पाने कोरी करकरीत. दुसऱ्यात एकाच प्रकरणाच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या. या खुणांतून वाचक कुठे थांबला, कशासाठी परत आला, हे कळते. साडेतीन ताऱ्यांवरून यातले काहीच कळत नाही.

ज्यांच्या नावाने तो रस्ता आहे, ते तमिळ कवी सुब्रमण्य भारती सप्टेंबर १९२१ मध्ये तिरुवल्लिकेणीतच वारले. आपले सर्व लेखन छापून घराघरांत पोचवण्याचा त्यांचा बेत पैशाअभावी तडीस गेला नव्हता. १९४९ मध्ये मद्रास सरकारने त्यांच्या साहित्याचे हक्क घेतले आणि पुढे ते सर्वांना खुले केले. हयातीतल्या प्रतिसादाची सरासरी हाच निकाल मानला असता, तर ते हक्क विकत घेण्याचे कारणच उरले नसते.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत पुस्तक संपवल्यावर मत जरूर द्या, कडक द्या. पण सोबत तीन गोष्टी लिहा: त्याआधी तुम्ही काय वाचत होता, कोणत्या पानाशी अडलात, आणि हे पुस्तक कोणाच्या हातात द्याल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडेपर्यंत तारे देऊ नका.