साठवता न येणारा मान्ना

निर्गमाच्या पुस्तकातील मान्ना ज्याने त्याने गरजेपुरताच गोळा करावयाचा होता; शब्बाथाचा अपवाद सोडल्यास, उद्यासाठी राखलेला मान्ना नासून जाई. सायक्लोट्रॉनमधून मिळणाऱ्या फ्लोरिन-१८ या द्रव्याचा विचार करताना आम्हांस त्याचे स्मरण होते. हे यंत्र प्रोटॉन कणांना प्रचंड वेग देऊन जड ऑक्सिजनयुक्त पाण्यावर आदळविते. त्यातून उपजलेले द्रव्य शर्करेसारख्या रेणूत गुंफून रुग्णास टोचतात आणि शर्करेला हपापलेली कर्करोगाची गाठ बहुधा पेट-स्कॅनमध्ये उजळून दिसते. परंतु दर ११० मिनिटांनी या द्रव्याची शक्ती निम्मी होते. ते कोठारात भरून ठेवता येत नाही.

२००२ साली मुंबईत परळ येथे भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले. पुढे अन्य शहरांतही ती आली. तरीही जे साठत नाही, ते प्रथम जवळच्यालाच लाभते. दूर राहणे हा कोणाचा अपराध नव्हे. मग ते अंतर तोडण्याची ऐपत असूनही जो समाज स्वस्थ बसतो, त्याला निरपराध म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही.

मान्ना तळाच्या सभोवती आपोआप पडत असे. औषध तसे पडत नाही. ते तंबूपर्यंत पोहोचविण्याचे काम देवाने माणसावर सोपविले आहे.