लख्ख उजेडात न दिसणारं

आजचा श्लोक गीतेच्या सातव्या अध्यायातला, पंचविसावा. भगवंत सांगतात की योगमायेने झाकलेला असल्यामुळे मी सगळ्यांना दिसत नाही. झाकलेलं म्हटलं की आपल्याला अंधार आठवतो. पण उजेडही झाकतो.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतं. मध्यरात्री ते डोक्यावरून गेलं तरी बहुतेकदा दिसत नाही, कारण तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत असतं. भर दुपारी त्यावर लख्ख ऊन असतं. तरीही दिसत नाही! त्याच उन्हाने मधली हवा उजळलेली असते.

हौशी लोक (मीही त्यातलाच) छोट्या दुर्बिणीतून दिवसा त्याचे फोटो काढतात. लाल किंवा इन्फ्रारेड फिल्टर लावायचा. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून लाल प्रकाशात आकाश गडद होतं. फोकस आधी चंद्रावर किंवा शुक्रावर करून ठेवायचा. हो, शुक्र दिवसाही दुर्बिणीतून दिसतो. कक्षेचे आकडे ताजे घ्यायचे. दुर्बीण सूर्याच्या जवळपासही न्यायची नाही, डोळा जाईल. मग रिकाम्या निळ्या आकाशाकडे बघत थांबायचं.

हे थांबणं म्हणजेच श्रद्धा, असं म्हणायचा मोह होतो. पण एक फरक आहे. स्थानक दिसलं नाही तर आकडे शिळे होते की नेम चुकला, हे तपासता येतं. नामस्मरणात काहीच जाणवलं नाही तर? 'तुझी साधना कमी पडली' हे उत्तर आपण पटकन देतो. ते कधी खोटं ठरूच शकत नाही, म्हणून मला त्यावर भरवसा नाही. आजारी आईच्या उशाशी बसून जप करणाऱ्याला ते ऐकवणं तर क्रूरपणा आहे.

श्लोकात 'मूढ' शब्द आहे, तो टोचतो. पण तो सगळ्या जगाला उद्देशून आहे. त्यात मी आलो, असं उत्तर देणारेही आले. पुढच्याच श्लोकात भगवंत म्हणतात, मी सगळ्यांना जाणतो, मला मात्र कुणी जाणत नाही. स्थानकाला सात काचांची एक खिडकी आहे, त्यातून अंतराळवीर पृथ्वीचे फोटो काढतात. आपल्याला ते दिसत नसतात त्या दुपारीही, ढग नसतील तर, आपलं शहर त्यांना स्वच्छ दिसतं.

त्या सव्विसाव्या श्लोकावर उद्या बोलू.