जनीसमोर बसलेला देव

गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. शूद्र मानल्या गेलेल्या घरातली ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्याकडे आली आणि त्या घरात जन्मभर दासी म्हणून राबली. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो. ती झाडते तेव्हा केर भरतो. भाव असला की कष्ट जाणवत नाहीत, असा या कथेचा अर्थ बहुधा सांगितला जातो. तो मला अपुरा वाटतो. देवाने जनीच्या कष्टांची थोरवी गायली नाही, सोसण्याचे पुण्यही तिला सांगितले नाही. तो काम करू लागला. मोठे जाते एकटीने ओढणे जिवावर येते. म्हणून बायका समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालत. जनीच्या समोरची जागा रिकामी होती, तिथे देव बसला. भरल्या घरात ती जागा रिकामी का राहिली, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा धर्मप्रश्न तोच आहे. कष्टांना पवित्र म्हटल्याने ते करणारीचे देणे फिटते का?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया रोज बिनमोल घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रीची त्यात सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. यावर पहिला आक्षेप येतो तो यंत्रांचा: जाती कोपऱ्यात गेली, गावोगाव गिरण्या आल्या, आता कसले कष्ट? दळण सुटले हे खरेच, आणि ते फार मोठे सुख आहे. पण ज्वारीची भाकरी अजून एकेक करूनच होते. गरम पाण्यात पीठ मळायचे, परातीत थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग निखाऱ्यावर फुगवायची. भाकरी गरमच पानात पडायला हवी, म्हणून थापणारी सगळ्यांच्या मागून जेवते. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात यंत्रांनी बायकांचे काम संपत नाही, हेच अमेरिकेबद्दल दाखवले. गिरणीचे पीठ आले तेव्हा धान्य दळण्याच्या कामातून घरचे पुरुष मोकळे झाले, आणि पांढऱ्या पिठाच्या पावाचे वाढीव काम बायकांवर पडले. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे श्रम हलके करणाऱ्या साधनांवर संशोधन चालते. त्याचे मोल मोठे आहे, पण साधन हाताचा भार कमी करते. काम कोणाच्या हातात असावे हे ते ठरवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो चांगली माणसेही मनापासून घेतात. आपल्या माणसांसाठी केलेल्या कामाची मिनिटे मोजू नयेत, मोजली की माया आटते, संसाराचा हिशेब होतो. मायेने केलेले काम आणि मजुरी यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. परंतु या मिनिटांनी माया मोजली जात नाही. झोप कोणाची अपुरी राहिली, गावच्या सभेला कोणाला जाता आले नाही, हे त्यांतून कळते. शिवाय मायेचाच दाखला हवा असेल तर जनी आणि विठ्ठल यांच्याहून मोठा कुठला आणायचा? त्या प्रेमात जो थोर होता तो खाली बसला आणि त्याने खुंटा धरला. प्रेम आहे म्हणून एकटीनेच ओढावे, ही शिकवण या कथेतून निघत नाही.

पुरुष बाहेर राबतात, हेही खरे आहे. त्याच पाहणीत कमाईच्या कामात असलेला पुरुष दिवसाला ४५९ मिनिटे देत होता आणि स्त्री ३३३. पण गंगाखेड-पाथरीकडे निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी बायकांच्याच हातची. संध्याकाळी रानातून दोघे एकत्र परततात. एकाचा दिवस दारात संपतो, दुसरीचा चुलीपाशी पुन्हा सुरू होतो.

उरतो तो भाविकाचा आक्षेप: देव आला ही कृपा होती, कृपेचा कायदा करता येत नाही. श्रद्धेच्या बाजूने हे बरोबर आहे आणि जनीने हक्क मागितला होता असे मी म्हणत नाही. तरीही ज्या कृपेचे आपण शतकानुशतके गुणगान करतो, तिच्यासारखे वागण्याची जबाबदारी आपल्यावर येतेच. नाहीतर ते गुणगान कशाचे? आणि माणसांच्या व्यवहारात घरकामातले बदल नियमाने घडू शकतात, याला पुरावा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. कारभार नवराच पाहतो, अशी तक्रार होते आणि पुष्कळ ठिकाणी ती खरी आहे. पण पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला लोरी बीमन, एस्तेर द्युफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पाहा. जिथे पंचायतीचे प्रधानपद लागोपाठ दोन वेळा स्त्रियांसाठी राखीव राहिले, तिथे आईबापांच्या मुलींबद्दलच्या आकांक्षा वाढल्या, शिक्षणात मुली मुलांच्या बरोबरीला आल्या आणि मुलींचा घरकामातला वेळ कमी झाला. तिथे कोणी घरात जाऊन कामाची वाटणी करून दिली नव्हती. गावच्या खुर्चीवर बाई बसलेली दोन मुदती दिसत राहिली, एवढ्याने मुलींच्या हातातले काम थोडे सुटले.