गडावरून धुरा दिसत नाही



आपल्या जळगाव जामोदमध्ये सातपुडा रोजच नजरेसमोर असतो. ओट्यावर येऊन उत्तरेकडे तोंड केले की तो आहेच. डोंगर आपण खालूनच पाहत आलो. यंदा नाताळ आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील चाळीसेक जणांनी बस केली, डोंगर ओलांडून तापीच्या खोऱ्यात उतरलो, बऱ्हाणपूर पाहिले आणि तिथून वीसेक किलोमीटर उत्तरेला असलेल्या अशीरगडावर चढलो. त्या दिवशी घडलेल्या एका लहानशा गोष्टीने आम्हांला विचारात पाडले. ज्यांच्याविषयी ती आहे, त्या दोघांची परवानगी घेऊनच ती इथे सांगत आहोत.

बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, हे पाहून आपल्या मुलांना नवल वाटले. १६३१ साली मुमताज महल याच शहरात वारली आणि ताजमहाल होण्याआधी तापीपलीकडच्या आहुखान्यात तिला पुरले होते. अशीरगड या शहराचा पाठीराखा. पायथ्यापासून तो सुमारे ८५० फूट उंच आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. वर मशीद आहे, अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो अशी लोकश्रद्धा असलेले महादेवाचे मंदिर आहे आणि इंग्रज शिपायांच्या कबरीही आहेत. गड जिंकणाऱ्या बादशहांनी कातळावर आपले लेख कोरून ठेवले आहेत. आपल्यातल्या एका मुलानेही टोकदार दगड उचलून भिंतीवर नाव कोरायला घेतले. आम्ही त्याला दटावले. तो हसून म्हणाला, "फादर, अकबरानं कोरलं ते चालतं?" आम्हांला लगेच उत्तर सुचले नाही.

तटावरून दक्षिणेकडे तापीचे खोरे पसरलेले दिसते. त्याच्याही पलीकडे डोंगरांची निळी ओळ आणि त्या ओळीमागे आपला तालुका. सगळे गप्प झाले होते. तेवढ्यात आमच्याशेजारी उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, "इथून तं धुराच दिसत नाही, फादर. अन् आम्ही त्याच्यापायी तीन वर्सं बोललो नाही."

तो दोघा भावांतला धाकटा. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरून भांडण झाले आणि बोलणे तुटले. मिस्सामध्ये एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की दोघे दोन टोकांच्या बाकांवर उभे असतात. हे आपण सगळे पाहत आलो आहोत. त्यामुळे धाकट्याचे बोल ऐकून आम्हांला आनंद झाला. पुढच्या रविवारचे प्रवचनच हाती आले असे वाटले. उंचावरून पाहा, म्हणजे आपली भांडणे किती क्षुल्लक आहेत ते कळेल!

हा विचार नवा नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस वाचला होता. माणसांचे व्यवहार जणू उंच जागेवरून पाहावेत, म्हणजे सैन्ये, शेते, लग्ने, मरणे, बाजार या सगळ्यांचे खरे माप कळते, असे तो लिहितो. तेच धाकट्या भावाने वऱ्हाडीत सांगितले असे आम्हांला वाटले.

थोरला भाऊ गुडघ्यांमुळे चढू शकला नव्हता. तो पायथ्याशी सगळ्यांच्या पिशव्या आणि डबे राखत बसला होता. खाली उतरल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने धाकट्याचे वाक्य त्याच्या कानावर घातले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "वरून तं माहं घरही दिसत नसन. मंग तेही नाही म्हनाचं का?"

बंधुभगिनींनो, आमचे प्रवचन तिथेच संपले.

कारण थोरल्याचे म्हणणे खरे होते. धुरा धाकट्याने कोरला होता. वखर फिरवताना दरवर्षी थोडा थोडा धुरा सरकत गेला होता. ज्याने जागा घेतली, त्याला धुरा दिसत नाही हे सोयीचेच. ज्याची गेली, त्याला तो डोळे मिटूनही दिसतो. उंचावरून भांडण जसे लहान दिसते, तसे कर्ज लहान दिसते, भूक लहान दिसते, दारात बसलेली म्हातारी तर दिसतच नाही. कपाशीचे वावर हिरवे दिसते, पण त्यात किती जणांची झोप उडाली आहे ते दिसत नाही. विदर्भात राहून हे आपण विसरू शकत नाही.

मग मार्कस ऑरेलियस चुकला का? आम्हांला तसे वाटत नाही. तो हे स्वतःशी बोलत होता. सर्वसत्ताधीश माणूस आपलाच गर्व उतरवण्यासाठी ते औषध घेत होता. स्वतःच्या मोठेपणावर ते औषध गुणकारी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर तेच चोळले तर ते मीठ होते. "माझे नुकसान क्षुल्लक आहे" असे मी म्हणू शकतो. "तुझे नुकसान क्षुल्लक आहे" असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला?

परतीच्या वाटेवर बसमध्ये त्याच मुलाने विचारले, "फादर, या गडाचा आपल्या चर्चशी काही संबंध आहे का?" आहे. १६०० साली अकबर बादशहा बऱ्हाणपुरात येऊन बसला आणि त्याच्या सैन्याने अशीरगडाला वेढा घातला. त्याच्या दरबारात येशूसंघाचे धर्मगुरू फादर जेरोम झेवियर होते. संत फ्रान्सिस झेवियर हे त्यांच्या नात्यातले, त्यांच्या आजीचे भाऊ. गड काही केल्या पडेना. येशूसंघीयांच्या वृत्तान्तात असे आहे की, बादशहाने फादर जेरोमना चौलच्या पोर्तुगिजांकडे तोफा आणि दारूगोळा मागणारे पत्र लिहायला सांगितले. हे काम ख्रिस्ती श्रद्धेला धरून नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. बादशहा संतापला आणि त्याने त्यांना दरबारातून निघून जायला फर्मावले. पुढे राग शांत झाल्यामुळे ते राहिले. जानेवारी १६०१ मध्ये गड अकबराच्या हाती आला. कसा आला, याविषयी दरबारी इतिहास एक सांगतो आणि येशूसंघीय वृत्तान्त दुसरेच. त्यात मोडलेल्या शपथेची आणि वाटलेल्या सोन्याची गोष्ट आहे.

पण खरे ते सगळे सांगितले पाहिजे. खानदेशचा सुलतान त्या वेळी पोर्तुगिजांचा मित्र होता. म्हणून फादर जेरोमचा नकार श्रद्धेतून आला की राजकारणातून, अशी शंका इतिहासकारांनी घेतली आहे. कदाचित दोन्ही असेल. माणसाचा हेतू क्वचितच निर्भेळ असतो. मग मिसळलेल्या हेतूतले खरे किती, हे ओळखायचे कसे? आम्हांला एकच खूण दिसते: त्या शब्दाची किंमत कोणी मोजली? फादर जेरोमनी नकार दिला आणि बादशहाचा कोप स्वतःच्या डोक्यावर घेतला. ज्या दरबारासाठी ते इतक्या दूर आले होते, तो दरबारच हातचा जाण्याची वेळ आली. म्हणून त्यांच्या नकाराला वजन आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानातला प्रसंग आठवा. सैतान प्रभू येशूला फार उंच डोंगरावर नेतो आणि जगातली सगळी राज्ये त्यांच्या वैभवासह दाखवतो. अट एकच, एकदा पाया पडायचे. इतक्या उंचीवरून तेवढेसे वाकणे किती किरकोळ वाटले असते! येशूने ते नाकारले. त्या डोंगरावरून राज्ये दिसत होती, माणसे दिसत नव्हती. पुढे तो गालीलच्या गावांतून पायी फिरला, एकेका आजाऱ्याजवळ थांबला, एकेकाचे ऐकून घेतले. जगाचा तारणारा जगाला वरून पाहून समाधान मानत नाही.

म्हणून उंचावर जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जरूर जावे. दूरचे पाहिल्याने छाती भरून येते, देवाची थोरवी कळते. धाकट्या भावाच्या मनातही त्या क्षणी काहीतरी खरोखर हलले होते, हे आम्ही त्याच्या चेहऱ्यावर पाहिले. सोय आणि पश्चात्ताप दोन्ही त्या एका वाक्यात होते. ते वाक्य खरे ठरणार होते ते खाली, वावरात.

गेल्या आठवड्यात दोघांच्या संमतीने आम्ही तिथे गेलो. त्यांच्या आजोबांच्या वेळचा हद्दीचा दगड गवतात सापडला. दोर लावायचा तर दोन टोके धरायला दोन माणसे लागतात. एक टोक धाकट्याने धरले, दुसरे थोरल्याने. थोरल्याची दोन हात जागा निघाली. तिच्यात धाकट्याची तूर उभी होती. तो बराच वेळ तुरीकडे पाहत राहिला. मग त्याने खाली वाकून नव्या हद्दीवर स्वतः दगड ठेवला. थोरला म्हणाला, "तूर काढून घे पहिले. धुरा मंग टाकू."

दोघांनी अजून एकमेकांच्या घरी चहा घेतलेला नाही. तीन वर्षांची गोष्ट एका दुपारी मिटत नाही आणि ती मिटली असे भासवण्याची आम्हांलाही घाई नाही. पण या रविवारी मिस्सामध्ये शांती देण्याची वेळ येईल, तेव्हा आपण प्रत्येकाने मनाशी विचारावे: ज्याला मी "जाऊ दे, झाले ते झाले" असे म्हणतो, त्याची दोन हात जागा माझ्याकडे राहिली आहे का?

आपल्यासाठी प्रार्थना करणारे,
आपले धर्मगुरू