मेलेल्या बाईची बाजू

पत्रकार म्हणतो, मी दोन्ही बाजू मांडतो. ठीक. पण एका बाजूची माणसं मारून टाकलेली असली तर तू विचारतोस कुणाला, एवढाच माझा सवाल.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी, दोन मुलगे गावातल्या जमावानं ठार मारले. बाप तेवढा वाचला. मी तेव्हा पोरगा होतो. पुढं गिरणीत लागल्यावर, पाळी सुटली की त्याबद्दलचं सापडेल ते वाचत गेलो. सुरवातीच्या बातम्यांत काय? अनैतिक संबंधातून हत्याकांड! जमिनीचा तंटा नाही, जात नाही, मारहाणीच्या एका केसमध्ये आईनं दिलेली साक्ष नाही. ज्या गावानं घर घेरलं त्याच गावाच्या तोंडून वार्ताहरानं बाई रंगवली.

खोटं लिहायचं त्याच्या मनात नसेलही. खरी मेख तिथंच आहे. ठाण्यात त्याला खुर्ची मिळते, चहा मिळतो. आपल्या वस्तीत यायचं तर चिखल तुडवावा लागतो.

१९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं छापली नाही, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. तेव्हा जागा नाकारली. खैरलांजीला जागा दिली, नि त्या जागेत बाईला दुसऱ्यांदा मारलं. यातलं वाईट कोणतं, तुम्हीच ठरवा.

माझ्या मते वार्ताहराचं पहिलं देणं वाचकाचं नाही, ज्याच्यावर लिहितो त्याचं आहे. वाचक उद्या दुसरा पेपर घेईल. त्या बापाला २०१७ साली मरेपर्यंत तेच शब्द उशाला घेऊन झोपावं लागलं.

आता आपलं बोलू, दोस्तांनो. प्रेतांचे फोटो आपल्याच हातांनी फिरले. त्याशिवाय महाराष्ट्र हलला नसता, असं जुने कार्यकर्ते म्हणतात. असेलही. नोव्हेंबरात माणसं रस्त्यावर आली, लाठ्या खाल्ल्या, ते खोटं नाही. पण त्या पोरीचं उघडं अंग कुणाच्या परवानगीनं फिरवलं? आज तर खिशाखिशात मोबाईल, म्हंजे आपण सगळेच वार्ताहर. घरचे अजून ठाण्याच्या पायरीवर फिर्याद घ्या म्हणून बसलेले असतात, तोवर त्यांच्या लेकीचा व्हिडिओ चार जिल्ह्यांत पोचलेला असतो.

मी गाव लिहीन, तारीख लिहीन, कलम लिहीन. अंग दाखवणार नाही. आमच्या खात्यातला एक साथी म्हणतो, फोटोबिगर आपल्यावर विश्वास कोण ठेवतो रे? त्याला म्हटलं, हेच लिहून दे, पुढच्या अंकात छापू.