डावा कौल

गेल्या पावसाळ्यात पाळी गावचे एक गृहस्थ आमच्याकडे कागदांची एक पिशवी घेऊन आले. पिशवीत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, दुकानदाराच्या पावत्या होत्या आणि औषधाच्या खोक्यातून निघालेला, बारीक इंग्रजी अक्षरांचा, अनेक घड्यांचा एक कागद होता. त्यांना दावा लावावयाचा होता. कोणावर, हे त्यांचे ठरलेले नव्हते. डॉक्टरवर, औषध करणाऱ्या कंपनीवर, की दोघांवरही, ते आम्हीच ठरवावे असे त्यांचे म्हणणे. वकिलाकडे येणारा मनुष्य बहुधा शत्रूचे नाव तोंडात घेऊनच पायरी चढतो. केवळ दुखणे घेऊन आलेला हा पक्षकार आम्हांला पहिल्यापासूनच निराळा वाटला, आणि त्याच्या दाव्यातून जो प्रश्न निघाला तो आमच्या डोक्यातून अजूनही गेलेला नाही. त्यांची नाव-ओळख सांगण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र वाचकांपुढे ठेवतो.

पाळी, वेळगे, सुर्ल या पट्ट्यात एका पिढीने शेत सोडून खाणीवर भरवसा ठेवला, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी प्रथम बंद झाल्या. पुढे त्या काही काळ सुरू झाल्या. पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण केलेले सर्व पट्टे रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यापासून खनिजाचे ट्रक पुन्हा जागच्या जागी उभे राहिले. आमच्या या गृहस्थांचे दोन ट्रक बँकेच्या कर्जावर घेतलेले. पहिल्या बंदीतून ते कसेबसे सावरले. दुसऱ्या बंदीने त्यांचे मनच बसले. मनुष्य सोप्यावर बसून समोरच्या माडाकडे पाहत राही. जेवण नको, झोप नाही, कोणाशी बोलणे नाही. घरच्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला. कौल उजवा आला. सांगितलेला नवस फेडला. मग कोणा नातेवाइकाच्या आग्रहाने शहरातील एका डॉक्टरांकडे जाणे झाले, आणि विषण्णतेवरच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्या गोळ्यांनी गुण आला, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण त्यांनी स्वतःच ते प्रथम सांगितले. पाच-सहा आठवड्यांत ते उठून कामाला लागले, बँकेत जाऊन हप्त्यांचे बोलून आले, देवळाच्या पालखीलाही गेले. मात्र अंगाला घाम सुटे, तोंड कोरडे पडे आणि संसारसुखाची इच्छा पार मावळली. याहून अधिक त्यांना लागली ती दुसरीच गोष्ट. मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सारे घर रडत असता यांचे डोळे कोरडे राहिले, आणि आनंदही झाला नाही. ते आम्हांला म्हणाले, “वकीलबाब, गुळयेन दुख्ख गेलें, पूण ताचेवांगडा हांवूय गेलों.” दुःख गेले, पण त्याच्यासंगे मीही गेलो. कायद्याच्या पुस्तकांत नुकसानीची अनेक वर्णने आम्ही वाचली आहेत. इतके नेमके वर्णन क्वचित् वाचले असेल.

त्यात खर्चाची विवंचना. दर खेपेची तपासणी, शहरापर्यंतची ये-जा, आणि नावाजलेल्या कंपनीच्या गोळ्या. तेच द्रव्य दुसऱ्या नावाने, सरकारी जनऔषधी दुकानात पुष्कळ स्वस्तात मिळू शकते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. एका महिन्यात पैशांची ओढाताण झाली तेव्हा त्यांनी गोळी एकदम बंद केली. दोन-तीन दिवसांतच घेरी येऊ लागली, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे होऊ लागले, कारणावाचून संताप आणि रडू येऊ लागले. आपणांस वेड लागत आहे अशी त्यांची खात्री झाली. त्याच अवस्थेत न्हाणीघरात घेरी येऊन पडले आणि हाताचे हाड मोडले. डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळले की ही गोळी अशी एकाएकी सोडावयाची नसते, हळूहळू उतरवावयाची असते. “हें तुमी पयलीं कित्याक सांगूंक ना?” या त्यांच्या प्रश्नास डॉक्टरांनी उलट प्रश्न केला: “सगळे सांगितले असते, तर तुम्ही गोळी घेतली असती काय?”

या उलट प्रश्नासाठी हा लेख आहे. डॉक्टर काही दुष्ट मनुष्य नव्हते. त्यांच्या उत्तरात एक नीतिविचार आहे, आणि तो आपल्या घराघरांत रूढ आहे. आजाऱ्याला खरे सांगू नये, भिऊन तो खचेल; म्हाताऱ्याला कर्करोगाचे नाव कळू देऊ नये; ज्याच्या हिताचे आहे ते त्याच्या अपरोक्ष ठरवावे. मन ज्याचे आधीच विटलेले, त्याच्यापुढे औषधाच्या अपायांची यादी वाचणे म्हणजे त्याच्या हातून शेवटची काठी काढून घेणे नव्हे काय?

हा आक्षेप हलका नाही, आणि त्याला या विषयात गोव्याचाच पुरावा आहे. आपल्याच दोन जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आलेल्या ४५० रुग्णांवर डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक परीक्षण केले आणि २००३ साली ते ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला फ्लुऑक्सेटिन ही गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण निर्गुण गोळी, तिसऱ्याला बोलण्यातून उपचार. दोन महिन्यांअखेर खऱ्या गोळीचा गट निर्गुण गोळीच्या गटापेक्षा स्पष्टपणे बरा ठरला, आणि वर्षाचा हिशेब मांडता खर्चाच्या दृष्टीनेही तीच किफायतशीर ठरली. म्हणजे या गोळ्या थोतांड आहेत असे म्हणण्याची सोय, निदान गोमंतकीयांना तरी नाही. उलट, १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधद्रव्यावर मक्तेदारी न देता केवळ ते करण्याच्या कृतीवर दिली, म्हणून अशी औषधे या देशात अनेक कारखान्यांनी केली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली. ज्या वस्तूने मनुष्य सोप्यावरून उठतो तिची भीती घालणे हेही पापच होय.

भीतीने अपाय होतो याचाही दाखला आहे. अमेरिकेत २००४ साली सरकारी औषधखात्याने या वर्गाच्या औषधांवर काळ्या चौकटीतील इशारा छापावयास लावला, की मुलांत व कुमारवयीनांत यांनी आत्मघाताचे विचार वाढू शकतात. २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांस लागू केला. त्यानंतर तेथे तरुणांस ही औषधे देणे कमी झाले. त्यामुळे औषधावाचून किती जण बुडाले आणि इशाऱ्यामुळे किती जण वाचले, यावर तेथील विद्वानांचे अजून एकमत नाही.

इतके मान्य करूनही त्या डॉक्टरांचे उत्तर आम्हांला पटले नाही. कारण ते सांगत होते ते गोळी सुरू करण्याविषयी, आणि आमच्या पक्षकाराचे हाड मोडले ते गोळी सोडताना. न सांगितल्यामुळे त्यांनी गोळी घेतली, हे खरे. आणि न सांगितल्यामुळेच ती एकदम सोडली. अज्ञानाने मिळविलेला विश्वास पहिल्या अडचणीला असाच तुटतो. शिवाय डॉक्टरवर्गाने स्वतःलाही हे पुरते सांगितले नव्हते. ही औषधे सोडताना होणारा त्रास सौम्य व अल्पकाळचा असतो असे पुष्कळ वर्षे मानले जाई. तो काहींच्या बाबतीत तीव्र व दीर्घकाळ टिकणारा असू शकतो हे इंग्लंडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने जाहीरपणे स्वीकारले ते २०१९ साली. तत्पूर्वी कित्येक रुग्ण हेच सांगत होते. त्यांचे सांगणे आजारात जमा होत होते.

औषधाला दोन अंगे असतात हे आपल्या लोकांस न झेपणारे आहे, असे मानण्यासही आधार नाही. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे परंपरेने वापरात आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयी विलायतेच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात लेख लिहिला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. पुढे तिच्यातून काढलेल्या रिसर्पिनने रक्तदाब उतरलेल्या काही रुग्णांची मने खिन्न झालेली आढळली, आणि खिन्नतेचा मेंदूतील द्रव्यांशी काय संबंध, या विचारास त्यातून चालना मिळाली. एकाच मुळात आराम आणि विषाद! आमची आजीदेखील काढा देताना ‘पोट भाजेल, वर पेज घे’ असे सांगत असे. सांगण्याने तिच्या काढ्यावरचा विश्वास कधी उडाला नाही.

देवळाचेच उदाहरण घ्या. देवीला पाकळ्या लावून कौल घेतात तेव्हा उजवी पडली की डावी, हे गाऱ्हाणे घालणारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. डावा कौल आला तर पुजारी तो मुठीत झाकून ‘उजवाच आहे’ असे सांगत नाही, आणि ‘डावा म्हटले तर भक्त पुन्हा येणार नाही’ असा विचारही करीत नाही. मग ज्याला आपण देव मानतो त्या वैद्याने डावी पाकळी का झाकावी?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००८ साली समीरा कोहली यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता: रुग्णाला किती सांगावे? अमेरिकेतील काही न्यायालयांप्रमाणे, सुज्ञ रुग्णास जे जे जाणावेसे वाटेल ते सर्व सांगावे, ही कसोटी आपल्या न्यायालयाने या देशाच्या परिस्थितीकडे पाहून स्वीकारली नाही. जबाबदार डॉक्टरवर्ग जेवढे सांगणे योग्य समजतो तेवढे पुरे, अशा आशयाची जुनी इंग्लिश कसोटी पत्करली. खुद्द इंग्लंडने २०१५ साली ती सोडली. न्यायालयाचा आदर राखून आम्हांला वाटते की येथील रुग्ण गरीब व अशिक्षित आहे हे कमी सांगण्याचे कारण होऊ शकत नाही. सावकाश आणि पुन्हा पुन्हा सांगण्याचे ते कारण आहे.

सुदैवाने मनाच्या आजारापुरता विधिमंडळाने पुढचा पल्ला गाठला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या बाविसाव्या कलमाने रुग्णास आपला आजार, योजलेला उपचार आणि त्या उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम जाणण्याचा हक्क दिला आहे, आणि तोही त्याला समजेल अशा भाषेत व स्वरूपात. ‘समजेल अशा भाषेत’ हे शब्द आम्ही पक्षकारांना मोठ्याने वाचून दाखविले. मग त्यांच्या पिशवीतला तो अनेक घड्यांचा कागद उलगडला. त्यात एकदम बंद करू नये हेही होते, घेरीही होती, इच्छा मावळण्याचेही होते. सारे सांगितलेले होते. फक्त पाळीच्या माणसाला नव्हते.

आणि दावा? १९९५ च्या शांता प्रकरणापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. २०१९ च्या नव्या कायद्याने वस्तूसोबत पुरेसा इशारा न देणाऱ्या उत्पादकासही जबाबदार धरले आहे. मात्र त्याच शांता निर्णयाने, जेथे कोणाकडूनच काही मूल्य घेतले जात नाही अशा सरकारी दवाखान्यातील सेवा या कायद्याबाहेर ठेवली. ज्याने पैसे मोजले तो ग्राहक. ज्याच्याजवळ मोजावयास नव्हते त्याची घेरी ही त्याची खाजगी बाब! कंपनीविरुद्ध जाणे तर आणखी बिकट. अमेरिकेत वायोमिंगच्या ज्यूरीने २००१ साली पॅरॉक्सेटिन या औषधाच्या प्रकरणात एका कुटुंबास चौसष्ट लक्ष डॉलर देवविले, आणि २०१२ साली ग्लॅक्सो स्मिथ क्लाइन कंपनीने, अठरा वर्षांखालील मुलांसाठी या औषधाचा बेकायदा प्रसार केल्याचा आरोप इतर आरोपांसह कबूल करून एकूण तीन अब्ज डॉलरची तडजोड केली. पण तेथे कंपनीचे अंतर्गत कागद उघडवून घेणारी यंत्रणा आहे. येथे कंपनी तोच घड्यांचा कागद पुढे करील आणि म्हणेल, इशारा दिला होता.

आम्ही हे सर्व त्यांना सांगत होतो, आणि सांगता सांगता थोडे थबकलो. वीस वर्षांच्या वकिलीत आम्ही किती जणांना दावा ‘दिला’, आणि देताना त्याचे दुष्परिणाम किती जणांना सांगितले? तारखा किती पडतील, झोप किती जाईल, जिंकल्यावरही हाती काय उरेल? सांगितले असते तर त्यांनी दावा लावला असता काय? डॉक्टरांचा प्रश्न आमच्याच टेबलावर येऊन बसला.

म्हणून त्या दिवशी आम्ही सर्व सांगितले. तज्ज्ञाची साक्ष लागेल आणि तज्ज्ञ हा दुसरा डॉक्टरच असेल. घेरी गोळीची की ओल्या फरशीची, यावर वाद होईल. संसारसुख गेल्याचे लिहिले तर उलटतपासणीत त्यांच्या पत्नीलाही प्रश्न येतील. फी इतकी, वर्षे बहुधा इतकी. आणि तक्रार दाखल करावयाची मुदत दोन वर्षांची. मग तो इंग्रजी कागद ओळीने कोंकणीत सांगितला. त्याला तासभर लागला. बोलण्यास वेळ कोठून आणावा असे डॉक्टर म्हणतात, आणि त्यांच्या दारातील रांग पाहता ते खोटे नाही. पण गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांशी बोलण्याचा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. तीन महिन्यांनी त्यांच्यातले शेकडा ६४ रुग्ण विषण्णतेतून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांतले ३९.

पक्षकार शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “हें सगळें आयकून हांव भियेलों ना, वकीलबाब. म्हाका पिसो समजूं नाकात, इतलेंच.” मला वेडा समजू नका, एवढेच. ते सांप्रत दुसऱ्या एका डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीच गोळी घेतात, स्वस्त दुकानातून, आणि तिची मात्रा थोडी थोडी उतरवीत आहेत. परवा नातवाच्या बारशाला डोळे भरून आले असे त्यांच्या पत्नीने कळविले. दाव्याचे त्यांनी हो किंवा नाही असे काहीच सांगितलेले नाही. पिशवी अजून आमच्या कपाटात आहे, आणि मुदतीला सात महिने बाकी आहेत.